वाळू, पाणी आणि हिरवळ : गोल्फ मैदानाच्या रचनाकाराचा व्यवसाय

(दिवेआगर, ता. श्रीवर्धन, जि. रायगड येथील शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागाच्या व्याख्यात्यांनी केलेले भाषण)



सुपारीवरील कोळे रोग आणि नारळावरील गेंड्या भुंगा यांविषयी माझ्या सहकाऱ्यांनी आपल्याला सविस्तर माहिती दिली. माझा आजचा विषय थोडा वेगळा आहे. गोल्फचे मैदान आखणारा रचनाकार हा कोण असतो, तो काय शिकलेला असतो आणि त्याच्या कामाचा आपल्या वाडीशी काय संबंध, हे मी सांगणार आहे.

हा विषय निवडण्याची कारणे दोन. पहिले असे की, "मुलाला शेतकी कॉलेजात घातले तर पुढे कृषी सहायक होण्यापलीकडे काय?" हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. आपला किनारा आता पर्यटकांचा झाला आहे. किनाऱ्यावरच्या जमिनीला मागणी आहे. उद्या एखादा आराखडा घेऊन कोणी दारात उभा राहिला, तर तो आराखडा आपल्याला वाचता आला पाहिजे. ज्याला आपल्या आगरातील पाण्याचा निचरा कळतो, त्याला गोल्फ मैदानाचा आराखडा कळायला फार अवघड नाही.

पुळणीवर जन्मलेला खेळ

गोल्फ म्हणजे काठीने लहान चेंडू मारत मारत, शक्य तितक्या कमी फटक्यांत दूरवरच्या एका भोकात घालण्याचा खेळ. या भोकाला 'होल' म्हणतात. त्याचा व्यास १०.८ सेंटिमीटर असतो. पूर्ण मैदानात असे १८ होल असतात. जिथून पहिला फटका मारतात ती जागा 'टी', मधला लांब हिरवा पट्टा 'फेअरवे', होलभोवतीची अगदी बारीक कापलेली हिरवळ 'ग्रीन' आणि वाटेतला वाळूचा खड्डा म्हणजे 'बंकर'. एवढे पाच शब्द पुरे आहेत.

हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठी वाढला. १४५७ साली तेथील पार्लमेंटने त्यावर बंदी घातली होती, कारण लोक धनुर्विद्येचा सराव सोडून गोल्फ खेळत होते. खेळ होत असे तो समुद्र आणि नांगरटीची शेते यांच्या मधल्या वालुकामय पट्ट्यात. त्या पट्ट्याला तेथे 'लिंक्स' म्हणतात. जमीन हलकी, वाऱ्याने वाळूच्या टेकड्या झालेल्या, वर आखूड गवत. नांगर घालून उपयोग नाही, म्हणून तेथे मेंढ्या चरत. मेंढ्यांनी गवत आखूड ठेवले. वाऱ्यापासून आडोसा शोधत त्या जेथे बसत, तेथे गवत जाऊन वाळू उघडी पडे आणि त्यातूनच बंकर आले, असे मानतात. सेंट अँड्र्यूज येथील जुन्या मैदानाचा कोणी एक रचनाकार नाही. ते मैदान वारा, वाळू आणि मेंढ्यांनी घडवले. तेथे पूर्वी एका फेरीत २२ होल होते, ते १७६४ साली १८ करण्यात आले आणि पुढे जगभर तीच संख्या रूढ झाली.

आता आपल्या पुळणीकडे पाहा. समुद्र, मग वाळूचा बांध, केवड्याची बने, सुरू, आणि त्यामागे आपली वाडी. जमीन तशीच वालुकामय. पण स्कॉटलंडच्या लोकांनी जी जमीन मेंढ्यांना सोडली, तशाच जमिनीवर आपल्या पूर्वजांनी विहिरी खणल्या, पाट काढले, आळी केली आणि नारळ-सुपारी उभी केली. गावाच्या नावातच 'आगर' आहे. जमिनीचा उपयोग काय करायचा हे वाळू ठरवत नाही, हाती असलेले पाणी आणि माणसाची मेहनत ठरवते. ही गोष्ट शेवटपर्यंत लक्षात ठेवा.

माळीकामातून आलेला व्यवसाय

या व्यवसायाचे मूळ पुरुष म्हणून टॉम मॉरिस (१८२१ ते १९०८) यांचे नाव घेतात. ते सेंट अँड्र्यूजचे. तरुणपणी गोल्फचे चेंडू बनवण्याचे काम शिकले, पुढे मैदान राखणारे झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर हेडमाळी. हिरवळीवर वाळूचा पातळ थर देण्याची पद्धत त्यांनी रूढ केली. थर दिल्याने जमिनीचा उंचसखलपणा निघतो, मुळांना हवा मिळते आणि नवीन फुटवे धरतात. जगातल्या चांगल्या हिरवळींवर आजही वाळूचा असा थर देतात. मैदान राखता राखता मॉरिस नवी मैदाने आखू लागले आणि त्यांना दूरदूरच्या गावांहून बोलावणी येऊ लागली.

त्यांच्यानंतरचे अॅलिस्टर मॅकेंझी हे शिक्षणाने डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात, बोअर शेतकरी उघड्या माळावर खंदक कसे दिसू देत नाहीत, याचे त्यांनी निरीक्षण केले. जमिनीच्या नैसर्गिक चढउतारात माणसाचे काम मिसळून टाकण्याची ती युक्ती त्यांनी मैदानाच्या आखणीत वापरली. अमेरिकेतील प्रसिद्ध ऑगस्टा मैदान त्यांनी बॉबी जोन्स या खेळाडूबरोबर आखले. ते १९३३ साली सुरू झाले. आपल्याला रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे ती जागा पूर्वी फळझाडांची मोठी रोपवाटिका होती. बर्कमन्स कुटुंबाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती चालवायला घेतली. तेथील प्रत्येक होलला आजही एका झाडाचे किंवा झुडपाचे नाव आहे.

तिसरे नाव रॉबर्ट ट्रेंट जोन्स (१९०६ ते २०००) यांचे. गोल्फ मैदाने आखण्याचाच व्यवसाय करायचा, असे ठरवून शिक्षण घेणाऱ्या पहिल्या माणसांपैकी ते एक. त्यांच्या वेळी असा अभ्यासक्रम कोठेच नव्हता. म्हणून कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी स्वतःच विषय निवडले : कृषिविद्या, उद्यानविद्या, भूमापन, जलशास्त्र आणि भूदृश्यरचना. म्हणजे बरेचसे शिक्षण आपल्या शेतकी कॉलेजातलेच झाले. त्यांचे दोन्ही मुलगे याच व्यवसायात गेले. त्यांपैकी रॉबर्ट ट्रेंट जोन्स धाकटे यांनी श्रीनगरचे, दल सरोवराजवळचे मैदान आखले.

आपल्या देशात हा खेळ इंग्रजांबरोबर आला. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा, मुंबईत चेंबूरचा १९२७ सालचा. दिल्लीच्या मैदानाची फेररचना १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाचे खेळाडू पीटर थॉमसन यांनी केली. आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरच्या डोंगरांमधील खोऱ्यात सिडकोने मैदान केले आहे. ज्या मुलांना हे काम पाहायचे असेल, त्यांना फार लांब जाण्याची गरज नाही.

रचनाकार नेमके काय करतो?

पूर्ण मैदानाला साधारण ५० ते ६० हेक्टर जमीन लागते. ही जमीन हातात आल्यावर रचनाकार प्रथम कागद काढत नाही. तो जमीन पायाखाली घालतो. उन्हाळ्यात एकदा आणि मुसळधार पावसात एकदा पाहिल्याशिवाय कोकणातली जमीन कळत नाही, हे आपण जाणताच. त्यानंतरची कामे क्रमाने अशी :

१) समपातळी रेषांचा नकाशा तयार करणे व पाण्याचे नैसर्गिक मार्ग त्यावर दाखवणे.

२) ठिकठिकाणचे मातीचे नमुने तपासणे. सामू, क्षारता, वाळूचे प्रमाण, कातळ किती खोल आहे इत्यादी.

३) १८ होलचा क्रम बसवणे. लांब, मध्यम आणि आखूड होल आलटून पालटून यावेत, सकाळी पहिल्या होलला डोळ्यांवर ऊन येऊ नये, संध्याकाळी शेवटच्या होलला मावळतीचे ऊन समोर नको, वारा एकाच बाजूने लागू नये, असे अनेक विचार त्यात असतात.

४) निचऱ्याचे चर, नळ व साठवण तळी यांची आखणी.

५) कोठे माती काढायची व कोठे भरायची याचा हिशोब. वरचा सुपीक थर वेगळा काढून ठेवून शेवटी परत पसरणे ही यातली महत्त्वाची अट आहे.

६) सिंचनाची व्यवस्था, गवताची निवड, लागवड आणि हिरवळ धरेपर्यंतची देखरेख.

चांगला रचनाकार तो, जो कमीत कमी माती हलवतो. जागा मुळातच योग्य निवडली असेल तर खर्च कमी येतो. चुकीच्या जागी हट्टाने केलेले मैदान आयुष्यभर पैसे खाते. भातखाचराच्या जागी आंब्याची बाग लावणाऱ्यालाही हाच अनुभव येतो.

आधी निचरा, मग हिरवळ

एक मिलिमीटर पाऊस एक हेक्टरवर पडला म्हणजे १० हजार लिटर पाणी झाले. आपल्याकडे एका दिवसात २०० मिलिमीटर पाऊस ही नवलाची गोष्ट नाही. तेव्हा एका हेक्टरवर एका दिवसात २० लाख लिटर पाणी पडते. ते कोठून कसे बाहेर काढायचे, हे ठरल्याखेरीज रचनाकार पुढे जात नाही.

ग्रीन बांधण्याची १९६० साली अमेरिकेत ठरलेली पद्धत समजून घेण्यासारखी आहे. तळाला निचऱ्याचे नळ, त्यावर सुमारे १० सेंटिमीटर बारीक खडी आणि त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळूप्रधान मिश्रण. आपल्याला वाटेल, खडीमुळे पाणी लगेच निघून जात असेल. तसे होत नाही. बारीक कणांच्या थरातले पाणी खालच्या मोठ्या कणांच्या थरात सहज उतरत नाही. ते वाळूच्या तळाशी लटकून राहते आणि मुळांना मिळते. पाणी जास्त झाले की मात्र वजनाने खाली उतरून नळातून निघून जाते. एकाच रचनेत ओलावाही राहतो आणि निचराही होतो.

यात आपल्यासाठी एक धडा आहे. कुंडीच्या किंवा खोक्याच्या तळाशी खडीचा थर दिला की निचरा आपोआप सुधारतो, हा समज चुकीचा आहे. निचरा सुधारायचा असेल तर सबंध मिश्रणच भुसभुशीत करावे आणि पाण्याला बाहेरची वाट मोकळी ठेवावी.

हरळी : तणातून आलेली दौलत

उष्ण प्रदेशातल्या बहुतेक गोल्फ मैदानांवर लावलेले गवत म्हणजे आपली हरळीच. शेतात आली की आपण तिला मुळासकट खणून काढतो. गोल्फसाठी तिच्यातल्या सुधारित, बारीक पानांच्या, दाट वाढणाऱ्या जाती निवडल्या गेल्या. ग्रीनवर हे गवत अवघे ३ ते ४ मिलिमीटर उंचीवर कापतात आणि तरीही ते तगते.

हे काम ज्यांनी केले त्या शास्त्रज्ञाचे नाव डॉ. ग्लेन बर्टन. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथील संशोधन केंद्रात ते १९३६ साली रुजू झाले. त्यांचे मूळ काम जनावरांच्या चाऱ्याचे. १९४३ साली त्यांनी 'कोस्टल' ही चाऱ्याची हरळी दिली. पुढे साधी हरळी आणि आफ्रिकेतील तिची एक बारीक पानांची भावंड जात यांच्या संकरातून १९५६ साली 'टिफग्रीन' आणि १९६० साली 'टिफवे' या हिरवळीच्या जाती आल्या. या जातींना उगवणारे बी धरत नाही. उसासारखी कांड्यांपासूनच लागवड करावी लागते.

आता घाटावरच्या आपल्या पाहुण्यांना विचारा. बाजरीचा 'एच. बी. १' हा संकरित वाण त्यांना आठवत असेल. लुधियाना येथे तयार होऊन १९६५ साली तो प्रसारित झाला आणि बाजरीच्या उत्पादनात मोठी वाढ झाली. त्या वाणाची मादी, 'टिफ्ट २३ ए' ही नरवंध्य ओळ, याच डॉ. बर्टन यांनी टिफ्टनला तयार केली होती. श्रीमंतांच्या खेळाची हिरवळ आणि कोरडवाहू शेतकऱ्याची भाकरी एकाच माणसाच्या प्रयोगशेतातून निघाली. पुढे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या संकरित बाजरीवर गोसावी रोगाची मोठी साथ आली आणि तो वाण मागे पडला. सर्व क्षेत्र एकाच वाणाखाली आणण्याचा धोका त्यातून सगळ्यांना कळला. हिरवळीलाही तोच नियम लागू आहे.

समुद्रकाठच्या खाऱ्या जागांसाठी पास्पॅलम नावाचे दुसरे गवत वापरतात. १९९० च्या दशकात जॉर्जिया विद्यापीठात त्याच्या सुधारित जातींवर काम झाले. हे गवत मचूळ पाणीही बऱ्यापैकी सोसते. पण गवताने खारे पाणी सोसले म्हणून शेजारच्या वाडीतली सुपारी ते सोसेल असे नाही. येथूनच आपल्या खऱ्या प्रश्नाला सुरुवात होते.

पाण्याचा हिशोब

कोरड्या दिवसांत हिरवळीला दिवसाला सुमारे ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरू. म्हणजे हेक्टरी ५० हजार लिटर. मैदानाच्या ६० हेक्टरपैकी निम्म्याच क्षेत्राला पाणी दिले, तरी दिवसाला १५ लाख लिटर झाले. ठिबकवर नारळाच्या एका झाडाला उन्हाळ्यात सुमारे ४० लिटर पाणी लागते असे धरले, तर तेवढ्या पाण्यात ३७ हजार ५०० झाडे जगतात. हेक्टरी १७५ झाडांच्या हिशोबाने ही २१४ हेक्टर नारळाची बाग झाली. हा हिशोब मी मुद्दाम सोपा ठेवला आहे. घरी पाटीवर करून पाहा.

आपल्या विहिरींचे पाणी कसे टिकते तेही पाहू. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि समुद्राच्या जड खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. ढोबळ नियम असा की, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत गोडे पाणी असते. याचा उलट अर्थ लक्षात घ्या. उपसा वाढून वरची पातळी एक फुटाने कायमची उतरली, तर खालचे खारे पाणी हळूहळू ४० फुटांनी वर चढू शकते. विहीर आटलेली दिसत नाही, पण पाणी मचूळ होते. बिघडलेली विहीर पुन्हा गोडी व्हायला कित्येक पावसाळे जावे लागतात.

म्हणून पाण्याची सोय ही या व्यवसायातली मुख्य कसोटी आहे. शहराजवळ शुद्ध केलेले सांडपाणी वापरता येते. पावसाचे पाणी तळ्यात साठवता येते. पाणी देण्याचे क्षेत्र कमी ठेवून बाकी जागा गावच्या झाडाझुडपांना सोडता येते. यांपैकी काहीच न करता किनाऱ्यालगत बोअर मारून हिरवळ जगवणारा आराखडा शास्त्राच्या दृष्टीने चुकीचा समजावा.

शिक्षण आणि संधी

मुलांनो, आता तुमच्यासाठी. या व्यवसायाला एकच ठरलेली पदवी नाही. दोन रस्ते आहेत. वास्तुशास्त्राची पदवी घेऊन पुढे भूदृश्यरचनेचे पदव्युत्तर शिक्षण घेणे हा एक. पुण्याच्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात किंवा अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठात तशी सोय आहे. कृषी, उद्यानविद्या किंवा कृषी अभियांत्रिकीची पदवी घेऊन मैदानाच्या देखभालीतून वर चढणे हा दुसरा. कोणत्याही रस्त्याने गेलात तरी नंतर एखाद्या रचनाकाराच्या हाताखाली काही वर्षे उमेदवारी करावी लागते. भूमापन यायला हवे, नकाशा काढता यायला हवा, संगणकावर आराखडा करता यायला हवा आणि खेळ स्वतः खेळून समजायला हवा. अमेरिकेत रचनाकारांची संघटना आहे. अशा संघटनेत प्रवेश मिळतो तो पूर्ण केलेली मैदाने पाहून.

खरे तेच सांगतो. आपल्या देशात पूर्ण वेळ हाच व्यवसाय करणारे रचनाकार फार थोडे आहेत. पदवी मिळाली की काम मिळाले, असे येथे होत नाही. पण या एका झाडाला फांद्या पुष्कळ आहेत. मैदानाचा व्यवस्थापक, क्रिकेट व फुटबॉलच्या मैदानांची देखभाल, सिंचन व निचऱ्याची आखणी, हिरवळीची रोपवाटिका, स्थानिक झाडांची रोपवाटिका. यांतल्या प्रत्येक कामाला जमीन, पाणी आणि गवत ओळखणारा माणूस लागतो. वाडीत शिंपण केलेल्या मुलाचे हात त्या कामाला आधीच तयार असतात. हिरवळीच्या लाद्या विकण्याचा धंदा करणाऱ्यांनी मात्र एक पथ्य पाळावे. दर लादीबरोबर मातीचा वरचा थर निघून जातो. तो कंपोस्ट घालून भरून काढला नाही, तर आपण गवत नव्हे, जमीन विकतो.

जमीन मागायला कोणी आले तर

महाराष्ट्र-गोवा सीमेवर तेरेखोल हे छोटे गाव आहे. नदीच्या अलीकडे, सिंधुदुर्गाला लागून असले तरी ते गोव्यात मोडते. तेथे गोल्फ मैदानासह मोठ्या पर्यटन प्रकल्पाचा प्रस्ताव आला. पिढ्यान्‌पिढ्या काजूच्या बागा कसणाऱ्या लोकांनी कूळहक्काचा दावा सांगून विरोध केला, आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. खेळाबद्दल तक्रार कोणाचीच नव्हती. जमीन कोणाची आणि ती कोण कसतो, हा खरा वाद होता. जगातही अशा मैदानांना विरोध करणारी चळवळ २९ एप्रिल १९९३ पासून उभी राहिली आहे. तिचा रोख मुख्यतः जमीन, पाणी आणि रसायने यांवर आहे.

म्हणून, असा कोणताही आराखडा गावात आला तर ग्रामसभेत हे प्रश्न लेखी विचारा :

१) उन्हाळ्यात दिवसाला किती लिटर पाणी लागणार आणि ते कोठून आणणार?

२) आसपासच्या विहिरींची पातळी व क्षारता आज किती आहे? ती दर महिन्याला कोण मोजणार?

३) वाळूतून खते व औषधे झिरपून विहिरीत येऊ नयेत म्हणून काय व्यवस्था आहे?

४) पावसाचे पाणी सध्या ज्या वाटेने जाते ती वाट कोठे अडते का? अडली तर कोणाच्या वाडीत पाणी तुंबेल?

५) समुद्र दिसावा म्हणून सुरू आणि केवडा तोडणार का? ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आपल्या भागातल्या बागांचे काय झाले, ते आपण विसरलेलो नाही. वाऱ्याच्या बाजूची झाडे ही वाडीची भिंत आहे.

६) सातबारावर नाव कोणाचे, कूळ कोण आणि कसतो कोण? बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला सामान्यतः कूळकायद्याच्या कलम ६३ खाली परवानगी लागते. ती आहे का? भरतीरेषेजवळच्या जमिनीला किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. त्यांची मंजुरी आहे का?

चांगला रचनाकार या सहा प्रश्नांची उत्तरे स्वतःच्या नकाशावर बोट ठेवून देईल. जो देऊ शकत नाही, त्याने जमीन अजून पाहिलेलीच नाही असे समजा.

शेवटी एवढेच सांगतो. हा व्यवसाय चांगला आहे आणि आपल्या मुलांनी त्यात जरूर जावे. त्यातले मूळ ज्ञान आपल्या घरचेच आहे. उद्या एखाद्या आराखड्यावर सही करण्याची वेळ आली, तर समोरच्या टेबलाशी बसलेला तज्ज्ञ आपल्यातलाच, आळी आणि पाट ओळखणारा असावा, अशी माझी इच्छा आहे. यंदाच्या बारावीच्या मुलांनी शेतकी शिक्षणाचा विचार अवश्य करावा. आणि पालकांनी, पावसाळा संपला की आपल्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून वहीत लिहायला सुरुवात करावी. ही वही पुढे फार उपयोगी पडेल.